नाकाचं काय करायचं

निन्निया प्रोकिल्ला आली तेव्हा
थाल्लुस चाकावर कुरुंदाची ओली पूड सोडत होता.
तिनं फडक्यातून काच काढली, बाकावर ठेवली.
म्हणाली, ओळखतोस?

ओळखणार नाही कसा.
निळ्यावर पांढरा, तळहाताएवढा,
ग्रानिउस, बंदरातल्या धान्यकोठारांचा मालक.
अकरा वर्षांपूर्वी मीच कोरलेला,
दोन हिवाळे घालवून.
गळ्याखालची वळी त्यानं मागून घेतली होती:
लपवू नकोस, पैसे मोजलेत तिच्यासाठी.
नाकही तसंच, मध्ये उंचवटा,
ओझ्याचं गलबत धक्क्याला लागावं तसं.

‘याच्यातून मुलगा काढ,’ ती म्हणाली.

पुतेओलीत माणसं काय काय मागतात.
एकाला त्याच्या मेलेल्या मुरेनाचं चित्र हवं होतं,
कानात डूल घातलेल्या माशाचं. तेही केलं.
पण हे.

मुलगा एकोणीसचा. अलेक्झांड्रियाहून उशिरा सुटलेलं जहाज.
मेणाचा मुखवटा नाही, भिंतीवर कोळशाची रेघ नाही.
‘बापासारखाच होता,’ ती म्हणाली,
‘फक्त एवढं सगळं नव्हतं.’
आणि बोटानं हवेतच
वळी पुसली, डोळ्याखालची पिशवी पुसली.

मी सांगून पाहिलं.
बाई, कुंभार चुकला तर पुन्हा थापटतो,
माझ्याकडे भर घालायची सोय नाही.
आणि पांढरा थर कुठे किती जाड
हे ठाऊक होतं ते सिदोनच्या मतूनला,
ज्यानं निळा गोळा पांढऱ्या रसात बुडवून फुंकला.
तो गेला. त्याची फुप्फुसं आधी गेली.

‘मग कमीच कर,’ ती म्हणाली. ‘मला कमीच हवंय.’

पहिल्या दिवशी वळी गेली.
थाल्लुस धनुकली ओढतो, चाक गरगरतं,
मी श्वास धरतो, सोडतो, परत धरतो.
तिसऱ्या दिवशी कपाळावरची आठी,
जी मी त्या वेळी हौसेनं घातली होती.
ओठाजवळ एक बुडबुडा उघडला, मोहरीएवढा.
रात्रभर झोप नाही.
सकाळी पाहिलं तर तीळ दिसत होता. राहू दिला.

नाकाचं काय करायचं हे मात्र ठरेना.
उंचवटा काढून टाकावा तर
ते नाक कुणाचंच राहत नव्हतं.
शेवटी थाल्लुसला दारात उभा केला,
बाजूनं, उजेडाकडे तोंड करून.
सतराचा असेल, अठराचा असेल.
विकत घेतलेल्या पोराचं वय
विकणारा सांगेल तेवढं.
हलू नकोस, म्हटलं. तो हलला नाही.
कसं हलायचं नाही हे त्याला कोणी शिकवलं,
ते मी विचारलं नाही. मलाही कोणीतरी शिकवलंच होतं.

गालापाशी पांढरं विरत गेलं,
आधी सायीसारखं, मग सायीवरल्या पाण्यासारखं,
आणि खालचं निळं वर यायला लागलं.
चाक थांबवलं.
आणखी एक फेरा, आणि पोरगा पुन्हा बुडाला असता.

ती आली. बसली नाही.
नखाच्या टोकानं कडेकडेनं गेली.
‘कान?’
हात लावला नाही, मी म्हणालो.
‘बरं केलंस. कान बापाचाच होता त्याला.’
मग नाकावर थांबली. बराच वेळ.
थाल्लुस घमेल्यावर वाकला होता,
पाठमोरा, उगाचच.
‘नाक…’ ती म्हणाली,
आणि कमरेची थैली सोडून
ठरल्यापेक्षा दोन नाणी जास्त ठेवली.

दारात वळली.
‘आणि तो? जे काढलंस ते?’

घमेल्याच्या तळाशी, मी म्हणालो,
कुरुंदात मिसळून. तेच वापरतो आम्ही पुढच्या कामाला.

थाल्लुसनं घमेलं उचलून तिच्यापुढे धरलं.
तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, समोरून,
मग दोन बोटं त्या गढूळ पांढऱ्यात बुडवली.
पुसायला फडकं होतं, मी पुढे केलं.
घेतलं नाही.
तशीच गेली, बोटं अंगापासून दूर धरून.
उन्हात ती वाळत जाताना
रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत होती.